एक मत, पाच जागा आणि गृहमंत्र्यांचे पोलीस

चर्चा सुरू झाली महापालिकेच्या चार सदस्यांच्या प्रभागावरून आणि दुसरं कटिंग येईपर्यंत जपानला पोचली. शिरीष म्हणाला, एका मतदारसंघात अनेक जागा ठेवल्या की काय काय होतं ते बघायचं असेल तर जपानची २० फेब्रुवारी १९२८ची निवडणूक बघा. मकरंदनं हातातला ग्लास खाली ठेवला.

"त्या निवडणुकीत बघण्यासारखं काय असेल तर ते पोलीस. पंतप्रधान जनरल तानाका गिइची, गृहमंत्री सुझुकी किसाबुरो. हा सुझुकी मूळचा सरकारी वकील, म्हणजे माणसं आत टाकण्यात मुरलेला. खुर्चीत बसल्या बसल्या त्यानं प्रांतोप्रांतीचे गव्हर्नर बदलले. तिकडे गव्हर्नर निवडून येत नसत, गृहखातं नेमायचं. पोलीस गृहखात्याचे, निवडणुकीची यंत्रणाही गृहखात्याची. खेळाडूही तेच आणि पंचही तेच."

"आणि एवढं करून निकाल काय?" शिरीष म्हणाला. "४६६ जागांपैकी सरकारी पक्ष सेइयूकाई २१७, विरोधी मिन्सेइतो २१६. बहुमताला २३४ लागतात. घरचा पंच असून ही गत?"

"म्हणजे दडपशाही झालीच नाही म्हणतोस?"

"झाली ना. पण निकाल तिनं लावला नाही. मतपत्रिकेनं लावला."

अप्पांनी पेपरची घडी घातली. त्यांचं म्हणणं, आधी परिस्थिती नीट मांडा, मग भांडा. एप्रिल १९२७मध्ये बँका बुडण्याच्या संकटात वाकात्सुकींचं सरकार गेलं आणि तानाका आले. पण सभागृह होतं १९२४ साली निवडलेलं, त्यात सेइयूकाई अल्पमतात. जूनमध्ये समोरचे दोन पक्ष एकत्र येऊन मिन्सेइतो झाला, अध्यक्ष हामागुची ओसाची. अविश्वासाचा ठराव यायच्या आधीच तानाकांनी २१ जानेवारी १९२८ला सभागृह विसर्जित केलं. तीस दिवसांत मतदान.

"आणि हे पहिलंच मतदान, ज्यात कर भरण्याची अट नव्हती," अप्पा म्हणाले. "१८९०ला पहिली निवडणूक झाली तेव्हा वर्षाला १५ येन थेट कर भरणारा पुरुषच मतदार. लोकसंख्येच्या जेमतेम एक टक्का. १९००च्या कायद्यानं अट १० येनवर आणली, १९१९ला ३ येनवर. १९२५मध्ये ती गेलीच आणि २५ वर्षांवरच्या पुरुषांना मत मिळालं. आधी मतदार तेहेतीस लाखांच्या आसपास होते, १९२८ला सव्वा कोटीच्या घरात गेले. मतदान झालं ८० टक्क्यांवर."

"पुरुषांना," सुलभा म्हणाली.

"पुरुषांना."

"मग 'सार्वत्रिक' कशाला म्हणता? मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळानं १९२१मध्ये बायकांवरची मतदानाची बंदी उठवली होती. मालमत्तेची अट होती, मूठभरच बायका बसत होत्या त्यात, पण बाई आहेस म्हणून नाही, असं कोणी म्हणत नव्हतं. जपानी बायकांना मत द्यायला १९४६ उजाडलं."

यावर कोणाकडे उत्तर नव्हतं. तिनंच गाडी मतपत्रिकेकडे वळवली. "ती दिसायची कशी ते आधी सांग, शिरीष. मग कळेल निकाल कुणी लावला."

"कोरी. उमेदवारांची यादी नाही, चिन्ह नाही, शिक्का नाही. आत जायचं, आडोशाला उभं राहून एका उमेदवाराचं नाव स्वतःच्या हातानं लिहायचं, घडी घालून पेटीत टाकायचं. चिनी अक्षरांत लिहा नाहीतर साध्या, उच्चाराप्रमाणे लिहायच्या काना अक्षरांत लिहा, दोन्ही चालायचं. नावापुढे 'साहेब'सारखी उपाधी, हुद्दा, व्यवसाय, पत्ता एवढं लिहिलेलं चालायचं. त्यापलीकडे एखादं वाक्य लिहिलंत, चित्र काढलंत, की मत बाद. दोन नावं लिहिली, बाद. जो उभाच नाही त्याचं नाव, बाद. आणि नेमकं कोणाचं नाव आहे ते ठरवता येईना, तरी बाद."

"ही शेवटची मोठी मेख आहे," अप्पा म्हणाले. "घाईत माणूस नुसतं आडनाव लिहितो. एकाच मतदारसंघात एका आडनावाचे दोघे उभे असले की मोजणीच्या टेबलावर झोंबाझोंबी. म्हणून भित्तिपत्रकांवर उमेदवाराचं नाव टोलेजंग अक्षरांत, आणि चिनी अक्षरांच्या शेजारी बारीक कानामध्ये उच्चार. ते शोभेसाठी नव्हतं, मतदारानं पाठ करून जावं म्हणून होतं. गंमत बघा, १८९०च्या पद्धतीत मतदाराला मतपत्रिकेवर स्वतःचंही नाव घालून शिक्का मारावा लागे. मत उघड. पण ज्याला लिहिता येत नाही त्याचं मत कारकून लिहून देई. १९००च्या कायद्यानं मत गुप्त केलं आणि त्याच कायद्यानं म्हटलं, नाव स्वतः लिहिता येत नसेल तर मत देता येणार नाही. मतदाराचं नाव मतपत्रिकेवरून गेलं, तसा निरक्षर मतदार केंद्रावरून गेला. १९२५लाही ती अट तशीच राहिली. फक्त आंधळ्यांना ब्रेलमध्ये लिहायची मुभा मिळाली, ती मात्र त्या काळाच्या मानानं फार पुढची गोष्ट."

मकरंदला हा तपशील आवडला, पण पटला नाही. "कोऱ्या कागदानं सरकार कसं हरतं ते सांग की."

शिरीषनं अप्पांच्या पेपरची समासाची पट्टी फाडून घेतली. अप्पांनी डोळे वटारले, पण शब्दकोडं दुसऱ्या पानावर होतं.

"१९२५च्या कायद्यानं देशाचे १२२ मतदारसंघ केले. प्रत्येकात तीन, चार किंवा पाच जागा. तीनवाले ५३, चारवाले ३८, पाचवाले ३१. बेरीज करा, ४६६ येते. आपल्या प्रभागात चार जागा असल्या की आपण अ, ब, क, ड अशी चार मतं देतो. म्हणून ज्या पॅनेलची हवा, ते चारही घेऊन जातं. जपानमध्ये जागा पाच असल्या तरी मतदाराच्या हातात मत एकच. पहिले पाच आले की संपलं. आणि आपल्या विधान परिषदेसारखं पहिली पसंती, दुसरी पसंती असंही नाही. विधान परिषदेत कोट्याच्या वरची मतं पुढच्याकडे सरकतात. तिथे वरची मतं वाया, खालचीही वाया."

"१९३७ला मुंबई प्रांतात तिसराच प्रकार होता," अप्पांनी मध्येच घातलं. "जितक्या जागा तितकी मतं, आणि हवं तर सगळी एकाच्याच पदरात टाका. अल्पसंख्य गटाला आपला एक माणूस आणता यावा म्हणून."

"बरोबर. जपानमध्ये अल्पसंख्याचं काम एका मतातच होतं, त्रास मोठ्या पक्षाला. आता हिशेब बघा." त्यानं पेन काढलं. "पाच जागा, मोजलेली वैध मतं एक लाख. सरकारी पक्षाची ५४ हजार, विरोधकांची ४६ हजार. सरकारी पक्षानं तीन उमेदवार दिले आणि मतं सारखी वाटली तर प्रत्येकी १८ हजार, तिघेही आत. कारण १६,६६७ मतं मिळवली की तुमच्या वर पाच जण जाऊच शकत नाहीत. मतांच्या एक षष्ठांशाच्या वर गेलात की सुटलात."

"तीन-दोन. सरळ आहे."

"आता हाव सुटली आणि चार उमेदवार दिले. ५४ भागिले चार, साडेतेरा हजार. विरोधकांनी तीनच दिले, ४६ भागिले तीन, १५,३३३. पहिले तिघे विरोधकांचे! मतं ५४ टक्के आणि जागा दोन. दुसरी चूक याहून सोपी. उमेदवार तीनच दिले, पण त्यातला एक नामवंत. त्यानं एकट्यानं ३० हजार ओढली, उरलेल्या दोघांना बारा-बारा हजार. विरोधकांचे तिघे १५,३३३वर. पुन्हा दोनच जागा. म्हणजे जास्त लोकप्रिय उमेदवार हा पक्षाला तोटा. त्याला सांगावं लागतं, बाबा रे, अमुक गावात जाऊ नकोस, ती मतं शेजाऱ्याला लागणार आहेत."

"आणि तो ऐकतो?"

"तिथेच घोडं अडतं. पक्ष मतदारसंघाचे तुकडे पाडायचा, हे गाव तुझं, ते त्याचं. पण प्रत्येक उमेदवाराला आपण पडू ही धास्ती असते, म्हणून तो रात्री शेजाऱ्याच्या तुकड्यात शिरतो. खरा वैरी समोरच्या पक्षाचा नसतो, आपल्याच यादीतला असतो. आता मला सांग मकरंद, यात पोलीस काय करणार? विरोधकाची सभा बंद पाडतील, त्याच्या माणसाला उचलतील. पण सरकारी पक्षाच्या तिघांत मतं सारखी वाटून देण्याचा हुकूम कुठल्या फौजदाराला काढता येतो?"

मकरंद थोडा वेळ गप्प राहिला. "हा असला कायदा केलाच का त्यांनी?"

"तीन पक्षांचं सरकार होतं म्हणून," अप्पा म्हणाले. "पंतप्रधान कातो ताकाआकी, त्यांची केनसेइकाई, सोबत सेइयूकाई आणि काकुशिन क्लब. एकेकाच्या मतदारसंघात तिघांचं जमेना, सगळ्या प्रांताचा एक मतदारसंघ केला तर खर्च डोईजड. तीन ते पाच जागा ठेवल्या की तिघांचा एकेक माणूस बसतो. आणि हे विसरू नका, मताचा कायदा जाहीर झाला ५ मे १९२५ला, त्याच्या दोनच आठवडे आधी 'शांतता रक्षण कायदा' जाहीर झाला होता. खाजगी मालमत्तेची पद्धत किंवा राजसत्तेची घडण बदलू पाहणारी संघटना काढली तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा."

"हां, आता आलात माझ्या गल्लीत." मकरंद पुढे सरकला. "हिशेब दोन मोठ्या पक्षांपुरता ठीक आहे. कामगार-शेतकऱ्यांच्या पक्षांचं काय? त्यांच्या सभेत व्यासपीठावर पोलीस अधिकारी बसायचा. वक्त्याचं एखादं वाक्य आवडलं नाही की म्हणायचा 'थांबवा', आणि भाषण संपलं. पुढचा वक्ता उभा राहिला की पुन्हा 'थांबवा'. ओयामा इकुओ, कामगार-शेतकरी पक्षाचा अध्यक्ष, वासेदा विद्यापीठाचा माजी प्राध्यापक. कागावा प्रांतातून उभा राहिला, कारण तिथे कुळांची संघटना जबरदस्त. कार्यकर्ते धडाधड आत गेले आणि तो पडला. तोच माणूस दोन वर्षांनी टोकियोतून निवडून येतो. मग कागावात त्याला कोणी पाडलं, मतपत्रिकेनं?"

"कागावा तुझं," शिरीष म्हणाला. "बाकीचं बघ. या सगळ्या पक्षांना मिळून पाच टक्क्यांच्या आसपास मतं पडली आणि जागा आल्या आठ. आठ जण कुठून आले? टोकियो, ओसाका, कोबे, क्योतो, फुकुओका. फुकुओकाच्या एकाच मतदारसंघातून दोन आले, कामेइ कानइचिरो आणि आसाहारा केनझो. कारण तिथे यावाताचा सरकारी पोलाद कारखाना, आणि आसाहारा १९२०च्या संपाचा पुढारी. जिथे कामगार दाटीनं राहतात तिथे एक षष्ठांश गोळा होतो. जिथे विखुरलेले, तिथे होत नाही. शिवाय हे पक्ष एक नव्हते, तीन-चार होते आणि एकमेकांसमोर उभे राहत होते. त्यांना पोलिसांनी त्रास दिला हे खरंच, पण मतं फोडायला पोलीस लागले नाहीत."

"बाहेरून छळ आणि आतून फूट, दोन्ही एका वेळी असू शकतं," सुलभा म्हणाली. "तुम्ही दोघं एकच कारण धरून बसता. मला विचाराल तर तिसरंच सांगेन. पैसा."

तिनं बोटांवर मोजायला सुरुवात केली. उमेदवारी अर्जासोबत २००० येन अनामत. खासदाराचं वर्षाचं मानधन होतं ३००० येन, म्हणजे आठ महिन्यांचं मानधन आधी टेबलावर ठेवायचं. वैध मतांना जागांनी भागून जे येईल त्याच्या दहाव्या हिश्शाइतकीही मतं पडली नाहीत की डिपॉझिट जप्त. शिरीषच्या समासावरच्या उदाहरणात ते २००० मतं. "म्हणजे हौशे-गवशे उभे राहू नयेत म्हणून लावलेली चाळण, पण तीतून संपातला फिटरही गळतो. पक्षाला वर्गणी काढावी लागते, आणि वर्गणी काढून किती जणांना उभं करणार?"

"खर्चाला मर्यादा होती पण," शिरीष म्हणाला.

"होती. यादीतल्या मतदारांना जागांनी भागायचं आणि दर डोई ४० सेन, शंभर सेनचा एक येन. सव्वा कोटी मतदार, ४६६ जागा, म्हणजे एका जागेमागे सरासरी साडेसव्वीस हजार मतदार. गुणिले ४० सेन, दहा-साडेदहा हजार येन. कागदावर. प्रत्यक्षात रोकड वाटली जायची, तिला तिकडच्या बोलीत 'खरी गोळी' म्हणत. सरकारनं उमेदवाराला दोन सवलती दिल्या, मतदारामागे एक पत्र फुकट टपालानं, आणि सभेला शाळेची इमारत. त्या चांगल्याच होत्या. पण घरोघर जाऊन मत मागायला बंदी."

"लाच थांबवायला," अप्पा म्हणाले. "दारात गेला की पाकीट देतो, म्हणून दारातच जायचं नाही."

"आणि फायदा कुणाला? ज्या जमीनदाराची गावात ऊठबस आहे, कूळ ज्याच्या ओसरीवर रोज येतं, त्याला कुणाच्या दारी जावंच लागत नाही. नव्या माणसाला ओळख करून द्यायला दार हाच मार्ग, तोच बंद. मग उरतात भित्तिपत्रकं. म्हणून त्या निवडणुकीत गल्लीबोळातल्या भिंती कागदांनी भरल्या. आणि मतदार कोण नाही ते पण बघा. गरिबीमुळे सार्वजनिक किंवा खाजगी मदतीवर जगणारा नाही, ठरावीक घर नसलेला नाही, एका जागी वर्षभर न राहिलेला नाही. बांधकामावर गावोगाव फिरणारा मजूर कुठे बसतो यात? कोरियातून आलेल्या मजुराला जपानच्या मुख्य भूमीवर राहत असेल तर कायद्यानं मत होतं. पण वर्षभराच्या वास्तव्याची अट त्यांच्यातल्या किती जणांना झेपणार?"

टपरीवाल्यानं ग्लास उचलले, तरी कोणी हललं नाही.

"बरं, मला एक मान्य," मकरंद म्हणाला. "दोन मोठ्यांत मतंही जवळपास सारखीच पडली, त्रेचाळीस-त्रेचाळीस टक्के. पण सुझुकीनं काही केलं नसतं तर सेइयूकाई दोनशेच्या खाली गेली नसती कशावरून? दडपशाहीचा हिशेब आलेल्या जागांवर नाही, वाचलेल्या जागांवर करायचा."

हा मुद्दा चांगला होता. शिरीषनंही समासाची पट्टी खिशात घातली.

"सुझुकीनं स्वतःच आपलं नुकसान केलं," तो जरा सावकाश म्हणाला. "मतदानाच्या आदल्या दिवशी, १९ फेब्रुवारीला, गृहमंत्री म्हणून निवेदन काढलं. मिन्सेइतो संसद केंद्रस्थानी मानतो, ही इंग्लंड-अमेरिकेची कल्पना, आपल्या राजसत्तेच्या घडणीशी विसंगत. निवडणूक चालवणाऱ्या खात्याचा मंत्री असं लिहून देतो. त्या कागदानं विरोधकांना आयतं हत्यार मिळालं."

"आणि काठावरचं सभागृह असल्यामुळे ते हत्यार लागलं," अप्पा म्हणाले. "दोघांनाही बहुमत नाही, म्हणजे भाव कुणाला आला? मुतो सान्जींच्या उद्योजकांच्या पक्षाला, चार जागा. अपक्षांना. कामगारांच्या आठांना. सेइयूकाईनं मुतोंशी करार केला, तरी सुझुकीविरुद्धचा निवडणुकीतल्या हस्तक्षेपाचा ठराव टळेना. ३ मेला त्यानं राजीनामा दिला."

"आणि त्याआधी १५ मार्च," मकरंद म्हणाला. "निकालाला महिनाही झाला नाही आणि एका पहाटे देशभर धाडी, दीड हजारांहून जास्त धरले, शांतता रक्षण कायद्याखाली. १० एप्रिलला ओयामाच्या पक्षावर बंदी. जूनमध्ये अध्यादेश काढून त्या कायद्यात फाशी घातली. क्योतोतून निवडून आलेला यामामोतो सेन्जी, जीवशास्त्रज्ञ, संततिनियमनाचा प्रचार करणारा, त्या अध्यादेशाविरुद्ध सभागृहात उभा राहणार होता. ५ मार्च १९२९ला सभागृहानं अध्यादेशाला मंजुरी दिली, त्याला बोलूच दिलं नाही. त्याच रात्री टोकियोतल्या लॉजमध्ये त्याला भोसकून मारलं. मतपेटीत काय झालं ते तुझ्या पट्टीवर मांडता येतं शिरीष, हे कुठे मांडशील?"

शिरीष काही बोलला नाही. सुलभानं विचारलं, "पण मग पुढच्या निवडणुकीला काय झालं? पद्धत तीच ना?"

"तीच. तारीखही तीच, २० फेब्रुवारी, १९३०. या वेळी सरकार मिन्सेइतोचं, पंतप्रधान हामागुची. मिन्सेइतो २७३, सेइयूकाई १७४."

"बघ!" मकरंद उसळला. "ज्याचं गृहखातं त्याची निवडणूक. १९३२ला पुन्हा २० फेब्रुवारी, सरकार सेइयूकाईचं, सेइयूकाई ३०१. आणखी काय पुरावा हवा?"

"१९२४ला कियोउरांचं सरकार गृहखातं हातात असून हरलं," शिरीष म्हणाला. "आणि १९२८ तर आहेच."

"दोन अपवाद."

अप्पांनी चष्मा पुसला. "१९३०चा गृहमंत्री कोण होता ते कोणी सांगितलंच नाही. आदाची केनझो. 'निवडणुकीचा देव' म्हणायचे त्याला. १९१५ला पंतप्रधान ओकुमांच्या बाजूनं डावपेच त्यानंच आखले होते, तेव्हा सेइयूकाई १८४वरून १०८वर आली. सुझुकी सरकारी वकील होता, त्याला माणूस पकडायचं माहीत. आदाचीला माहीत होतं की या मतदारसंघात तीन द्यायचे, त्यात दोन, आणि या गावची मतं कुणाला सोडायची. खुर्ची तीच, खातं तेच, पोलीसही तेच."

"म्हणजे मी बरोबर," शिरीष म्हणाला.

"खुर्ची तीच म्हणाले ते," मकरंद म्हणाला. "खुर्ची नसती तर आदाची घरी बसून वहीत आकडे मांडत बसला असता."

सुलभानं शिरीषच्या खिशातून पट्टी काढून घेतली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर आपल्या प्रभागाचे चार उमेदवार मांडायला लागली, प्रत्येकाला एकच मत असं धरून. दुसऱ्याच ओळीत तिघांचं भांडण जुंपलं.